अमेरिकेत बांधकाम क्षेत्रातल्या परवानाधारकांसाठी सीई कोर्स मंजूर करून घेताना: पहिल्या कागदापासून हजेरी कळवण्यापर्यंत

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एअर कंडिशनिंगवाले, रूफर (छपराचं काम करणारे) आणि बांधकाम ठेकेदार यांना परवान्याचं नूतनीकरण करताना ठरावीक तासांचं शिक्षण पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं. याला कंटिन्युइंग एज्युकेशन म्हणतात, बोलताना नुसतं सीई. हा लेख ते तास देणाऱ्यांसाठी आहे. त्यात ट्रेनिंग संस्था आल्या, युनियनच्या शाळा आणि ठेकेदारांच्या संघटना आल्या, सप्लाय हाउस (ट्रेडचं साहित्य विकणारी दुकानं) आले आणि वीस-पंचवीस वर्षं काम करून आता शिकवायला निघालेले मास्टर इलेक्ट्रिशियनही आले.

कोर्स उत्तम असूनही अर्ज परत येतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. अर्ज तपासणाऱ्याला तुमचा वर्ग दिसत नाही, त्याच्यासमोर असतात कागद. त्या कागदांत तो दोनच प्रश्नांची उत्तरं शोधतो: हे मिनिट कशावर खर्च झालं, आणि तो विषय या परवान्याच्या कामाशी कोणत्या नियमाने जोडलेला आहे. सगळी तयारी या दोन प्रश्नांभोवती केली, तर पुढचा मार्ग बराच सुकर होतो.

परवाना नेमका कोण देतं?

पहिलं काम म्हणजे मंजुरी कोणाकडे मागायची ते ठरवणं. हे वाटतं तितकं सरळ नाही. कॅलिफोर्नियात ठेकेदारांचा परवाना देणारं सीएसएलबी हे बोर्ड नूतनीकरणासाठी सीई मागतच नाही. पण त्याच राज्यात इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेशन वेगळ्या खात्याकडे आहे, आणि तिथे दर तीन वर्षांनी ३२ तास लागतात. इलिनॉयमध्ये प्लंबरचा परवाना राज्याचं सार्वजनिक आरोग्य खातं देतं, इलेक्ट्रिशियनचा मात्र शहर किंवा काउंटीच्या पातळीवर असतो. म्हणून ‘त्या राज्यातल्या इलेक्ट्रिशियनसाठी कोर्स’ असा विचार न करता ‘अमुक खात्याने दिलेल्या तमुक परवान्यासाठी कोर्स’ असा करा.

खातं सापडलं की त्याच्या वेबसाइटवरच्या प्रश्नोत्तरांवर थांबू नका. मूळ नियम उघडा. टेक्सासमध्ये टीडीएलआर या परवाने देणाऱ्या खात्याचे सीई प्रोव्हायडर (कोर्स देणारी संस्था) आणि कोर्सचे नियम टेक्सास अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह कोडच्या शीर्षक १६, प्रकरण ५९ मध्ये आहेत. फ्लोरिडात ठेकेदारांच्या बोर्डाचे सीईचे नियम ६१जी४-१८ मध्ये, तर वॉशिंग्टनचे इलेक्ट्रिकल नियम २९६-४६बी मध्ये. प्रत्येक राज्याचा असा एक क्रमांक असतो. तो शोधून नियमातली ‘व्याख्या’, ‘प्रोव्हायडर’, ‘कोर्स’, ‘इन्स्ट्रक्टर’ आणि ‘नोंदी’ ही कलमं छापून घ्या. अर्जातल्या प्रत्येक रकान्याचं उत्तर या कलमांच्याच भाषेत द्यायचं आहे. नियमात ‘वर्कप्लेस सेफ्टी’ असेल तर तुमच्या आउटलाइनमध्येही ‘वर्कप्लेस सेफ्टी’च हवं, ‘साइटवरची काळजी’ लिहिलं की तपासणाऱ्याला अर्थ लावत बसावं लागतं.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून घ्या: प्रोव्हायडरची मंजुरी आणि कोर्सची मंजुरी वेगवेगळी आहे का? अनेक ठिकाणी आधी संस्था नोंदवावी लागते, मग तिच्या क्रमांकावर कोर्सचा अर्ज जातो, आणि इन्स्ट्रक्टरचा अर्ज तिसराच. हा क्रम चुकला तर कोर्सचा अर्ज वाचलाही जात नाही.

तासांची विभागणी

एकूण किती तास लागतात यापेक्षा ते कोणत्या खणात बसतात हे महत्त्वाचं. फ्लोरिडात राज्य बोर्डाकडच्या ठेकेदारांना दर दोन वर्षांनी १४ तास लागतात. त्यांतले एकेक तास वर्कप्लेस सेफ्टी, बिझनेस प्रॅक्टिस, वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावर जखमी झालेल्यांची भरपाई), कायदे व नियम आणि फ्लोरिडा बिल्डिंग कोडचं अ‍ॅडव्हान्स्ड मॉड्यूल यांना द्यावे लागतात. रूफिंगसारख्या काही वर्गांना विंड मिटिगेशनचा (वादळी वाऱ्यापासून इमारत वाचवण्याचा) एक तास वेगळा लागतो. उरलेले तास सर्वसाधारण. मिनेसोटात इलेक्ट्रिशियनला दोन वर्षांत १६ तास लागतात आणि त्यांतले १२ नॅशनल इलेक्ट्रिकल कोडवरचे (वायरिंगच्या राष्ट्रीय नियमावलीवरचे, पुढे नुसतं ‘कोड’) असावे लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तीन वर्षांत २१ तास: १५ कोडचे, ६ व्यावसायिक विकासाचे. टेक्सासमध्ये इलेक्ट्रिशियनला दर वर्षी फक्त ४ तास, पण त्या चारांतच कोड, राज्याचे कायदे व नियम आणि एनएफपीए ७०ई या मानकाप्रमाणे विजेच्या कामातली सुरक्षितता हे सगळं यावं लागतं.

वॉशिंग्टन आणि ओरेगॉन यांची तुलना मुद्दाम करून पाहा. दोन्हीकडे जर्नीमन (शिकाऊपण संपवून परवाना मिळालेल्या) इलेक्ट्रिशियनला तीन वर्षांत २४ तास लागतात, आणि दोन्हीकडे त्यांतले ८ तास कोडमधल्या बदलांचे व ४ तास राज्याच्या कायद्या-नियमांचे असतात. म्हणजे कोडबदलांचा आठ तासांचा कोर्स एकदाच नीट बांधून दोन्हीकडे पाठवता येतो. कायद्याचे चार तास मात्र प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र लिहावे लागतात. एकाहून जास्त राज्यांत जायचं असेल तर कोर्स पहिल्यापासून असाच सुट्या भागांत रचा: समान तांत्रिक भाग वेगळा, राज्याच्या कायद्याचा भाग वेगळा. सरमिसळ केलेला कोर्स दुसऱ्या राज्यात नेताना अर्धा नव्याने लिहावा लागतो. एका राज्याची मंजुरी दुसरीकडे आपोआप चालेल, असं मात्र धरून चालू नका.

एक तास म्हणजे किती मिनिटं?

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडखळतात. काही बोर्डं ५० मिनिटांचा तास धरतात (फ्लोरिडाचं ठेकेदारांचं बोर्ड त्यांतलंच), काही पूर्ण ६० मिनिटांचा. सकाळी ८ ते १२ असा वर्ग ठेवला की ‘चार तासांचा कोर्स’ झाला, असं वाटतं. हिशेब करून पाहा:

८:०० ते ८:१० – हजेरी, ओळख, सूचना
८:१० ते ९:०० – पहिला भाग, ५० मिनिटं
९:०० ते ९:१० – सुट्टी
९:१० ते १०:१० – दुसरा भाग, ६० मिनिटं
१०:१० ते १०:२० – सुट्टी
१०:२० ते ११:३० – तिसरा भाग, ७० मिनिटं
११:३० ते १२:०० – चाचणी आणि उत्तरांची चर्चा, ३० मिनिटं

शिक्षणाची मिनिटं होतात २१०. पन्नास मिनिटांच्या तासाने चार तासांना २०० लागतात, म्हणजे कोर्स चार तासांचा ठरतो आणि दहा मिनिटं हाताशी राहतात. साठ मिनिटांच्या तासाने हाच वर्ग साडेतीन तासांचा. आणि बोर्ड चाचणीची वेळ धरत नसेल तर उरतात १८०, म्हणजे साठच्या हिशेबाने तीन तास. तेव्हा अर्ज भरण्याआधी तीन गोष्टींची लेखी खात्री करा: तासाची मिनिटं किती, चाचणी धरतात का, आणि अर्धा तास मान्य आहे की खाली पूर्णांकात आणतात.

तासाचं एककही पाहा. सीई देणाऱ्या संस्थांना मान्यता देणाऱ्या आयएसीईटीच्या पद्धतीत १ सीईयू (कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट) म्हणजे १० संपर्क तास. चार तासांच्या कोर्ससाठी कोणी सवयीने ‘०.४ सीईयू’ लिहितं, आणि बोर्डाच्या रकान्यात ते ‘०.४ तास’ म्हणून जातं. बोर्ड तास मागत असेल तर तासच लिहा.

आउटलाइन: अर्जाचा कणा

‘पहिला भाग – जीएफसीआय, ५० मिनिटं’ एवढं लिहिणं पुरेसं नाही (जीएफसीआय म्हणजे वीज जमिनीकडे गळली की सर्किट तोडणारं संरक्षक उपकरण). दहा ते वीस मिनिटांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे विषय, कोडचं कलम, शिकवण्याची रीत आणि शिक्षण-उद्दिष्टाचा क्रमांक लिहा. वरच्या पहिल्या पन्नास मिनिटांचं उदाहरण घेऊ. राज्याने २०१७ चा कोड सोडून २०२० चा स्वीकारला आहे असं धरू.

पहिली १० मिनिटं: व्याख्यान. क्लास ए जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरच्या गळतीला का ट्रिप होतो. पुढची १५ मिनिटं: कलम २१०.८ (ए), जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी. २०१७ मध्ये हे कलम १२५ व्होल्टच्या १५ आणि २० अँपिअर रिसेप्टॅकलपुरतं (प्लग लावायच्या सॉकेटपुरतं) होतं. २०२० मध्ये ते १२५ ते २५० व्होल्टपर्यंत गेलं, सिंगल फेज आणि जमिनीच्या तुलनेत १५० व्होल्ट किंवा कमी अशा सर्किटवर. त्यानंतर १५ मिनिटं गटकाम: एका घराचा नकाशा देऊन कोणत्या रिसेप्टॅकलना संरक्षण लागतं त्यावर खुणा करायच्या. शेवटची १० मिनिटं: उत्तरांची तपासणी आणि तीन प्रश्न.

याला जोडलेलं उद्दिष्ट कसं लिहायचं? ‘सहभागी जीएफसीआय समजून घेतील’ हे उद्दिष्ट परत येतं, कारण ते मोजता येत नाही. त्याऐवजी: ‘लॉन्ड्रीतल्या २४० व्होल्ट, ३० अँपिअर ड्रायर रिसेप्टॅकलला २०१७ च्या आवृत्तीत जीएफसीआय का लागत नव्हता आणि २०२० पासून का लागतो, हे सहभागी कलम दाखवून सांगतील.’ आता हे उद्दिष्ट आउटलाइनमधल्या तुकड्याला जुळतं आणि चाचणीतल्या एखाद्या प्रश्नालाही जुळतं. उद्दिष्ट, आउटलाइन आणि चाचणी यांची अशी साखळी दिसली की अर्ज तपासणं सोपं होतं. चार तासांच्या कोर्सला चार-पाच उद्दिष्टं पुरेत. बारा लिहिली, तर बाराही शिकवल्याचं दाखवावं लागेल.

कोडच्या आवृत्तीबद्दल सावध राहा. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड दर तीन वर्षांनी येतो: २०१७, २०२०, २०२३, २०२६. आयआरसी (घरांचा) आणि आयबीसी (इतर इमारतींचा) हे बांधकामाचे कोडसुद्धा तीन वर्षांच्या चक्रात. पण नवी आवृत्ती निघाली म्हणजे राज्याने ती स्वीकारली असं नाही, आणि स्वीकारताना बदलही केलेले असतात. २०२० मध्ये आलेलं घराबाहेरच्या आउटलेटचं कलम २१०.८ (एफ) काही राज्यांनी जसंच्या तसं घेतलं नाही, कारण एसीच्या बाहेरच्या युनिटवर जीएफसीआय विनाकारण ट्रिप होत असल्याच्या तक्रारी होत्या. राज्याने गाळलेलं कलम ‘नवा नियम’ म्हणून शिकवणारी एक स्लाइडही सगळ्या अर्जाबद्दल शंका निर्माण करते. राज्याच्या दुरुस्त्या वेगळ्या रंगाच्या स्लाइडवर ठेवा. तपासणाऱ्याला त्या लगेच दिसतात, आणि पुढच्या चक्रात तुम्हालाही नेमक्या त्याच बदलता येतात. प्लंबिंगमध्ये तर आधी राज्य आयपीसीवर आहे की यूपीसीवर (प्लंबिंगचे दोन वेगळे कोड), तेच पाहावं लागतं. व्हेंटिंगचे (सांडपाण्याच्या पाइपांत हवा खेळवण्याचे) नियम दोन्हींत वेगळे आहेत.

कोडचा मजकूर पानंच्या पानं चिकटवू नका. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड काढणाऱ्या एनएफपीए या संस्थेचा कोड वेबसाइटवर फुकट वाचता येतो, पण म्हणून त्याची नक्कल वाटायची परवानगी मिळत नाही. कलमाचा क्रमांक द्या, अर्थ स्वतःच्या शब्दांत मांडा, आणि सहभागींनी कोडचं पुस्तक सोबत आणावं असं सूचनेत लिहा. वर्गात पान उघडून कलम शोधण्याचा सराव हा सीईमधला सगळ्यात उपयोगी भाग असतो, त्यामुळे त्यात काही गमावल्यासारखंही होत नाही.

उत्पादनाची जाहिरात

उत्पादक आणि सप्लाय हाउस यांचे कोर्स इथे अडकतात. आर्क-फॉल्ट ब्रेकर (वायरिंगमध्ये ठिणगी उडाली की वीज तोडणारा) शिकवायचा तर हातात एका कंपनीचा ब्रेकर असणारच. त्याला हरकत नसते. हरकत असते ती किंमत, ऑर्डर क्रमांक, वॉरंटीची स्तुती आणि ‘आमचाच का’ या स्लाइडला. लोगो पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर ठेवा, प्रात्यक्षिकाला शक्यतो दोन उत्पादकांची उपकरणं घ्या, आणि विक्रीचं बोलणं करायचंच असेल तर ते वर्ग संपल्यावर, हजेरीची दुसरी, म्हणजे बाहेर जातानाची, सही झाल्यानंतर. आउटलाइनमध्ये तसं स्पष्ट लिहा.

ऑनलाइन कोर्स असेल तर

इथे प्रश्न असतो की माणूस खरंच तेवढा वेळ बसला का, आणि तो तोच माणूस होता का. अर्जात पुढच्या गोष्टी दाखवा: प्रवेशाच्या वेळी आणि मध्येमध्ये ओळख कशी पडताळता, पान लवकर पुढे ढकलता येतं का, हालचाल नसेल तर घड्याळ थांबतं का, प्रत्येक भागानंतर प्रश्न आहेत का, आणि परीक्षेतले प्रश्न मोठ्या संचातून बदलून येतात का. बोर्डासाठी तपासणीचं लॉगइन तयार करा, पण त्यात टायमर बंद ठेवा, म्हणजे त्यांना चार तास बसावं लागणार नाही. आणि टायमर बंद असल्याचं पत्रात लिहा. नाहीतर ‘वेळेचं बंधन नाही’ असाच शेरा येईल.

स्वतःच्या गतीने वाचायच्या कोर्सला तास कसे ठरवले, हा प्रश्न हमखास येतो. बोर्डाची स्वतःची रीत नसेल तर अकाउंटंटच्या सीपीई (त्यांच्या सीई) कोर्ससाठी नॅस्बा ही राज्यांच्या अकाउंटन्सी बोर्डांची संघटना वापरते ते सूत्र दाखवता येतं: शब्दसंख्या भागिले १८०, अधिक ऑडिओ-व्हिडिओची मिनिटं, अधिक प्रश्नांची संख्या गुणिले १.८५, आणि या बेरजेला भागिले ५०. समजा मजकूर ९,००० शब्दांचा आहे, व्हिडिओ ३२ मिनिटांचे, प्रश्न २०. म्हणजे ५० अधिक ३२ अधिक ३७, एकूण ११९ मिनिटं. पन्नासने भागून २.३८. दोन तास मागा. शब्दसूची, प्रस्तावना आणि परिशिष्टं शब्दसंख्येत धरू नका. शिवाय परवाना असलेल्या तीन-चार जणांना कोर्स करायला देऊन त्यांचे प्रत्यक्ष वेळ नोंदवा आणि तो तक्ता जोडा. सूत्रापेक्षा हा तक्ता अधिक पटतो.

जोडपत्रं

पाकिटात साधारण हे लागतं: भरलेला अर्ज व फी, वेळेसह आउटलाइन, उद्दिष्टं, सगळ्या स्लाइड आणि हँडआउट, उत्तरांसह चाचणी, इन्स्ट्रक्टरचा बायोडेटा, कोर्स पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राचा नमुना, हजेरीपत्रकाचा नमुना, फी परत देण्याचं धोरण आणि जाहिरातीचा मसुदा.

यांपैकी दोन कागदांकडे, इन्स्ट्रक्टरचा बायोडेटा आणि प्रमाणपत्र यांकडे, जास्त लक्ष द्या. इन्स्ट्रक्टरचा बायोडेटा नोकरीच्या अर्जासारखा नको. परवान्याचा क्रमांक, राज्य, वर्ग, सुरू आहे की नाही, त्या ट्रेडमधली वर्षं, आणि या विषयाशी थेट जोडलेलं काम, एवढं एका पानात. वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा तास मास्टर प्लंबरने शिकवायचा असेल, तर तो त्या विषयाला का पात्र आहे ते वेगळं लिहा. शक्य असेल तर दुसरा इन्स्ट्रक्टर आधीच मंजूर करून ठेवा. ऐन वेळी पहिला आजारी पडला आणि न मंजूर झालेल्या माणसाने शिकवलं, तर सगळ्यांचे तास धोक्यात येतात.

प्रमाणपत्रावर सहभागीचं परवान्यावरचं नाव, परवाना क्रमांक, कोर्सचं मंजूर नाव व क्रमांक, प्रोव्हायडर क्रमांक, तारीख, खणानुसार तास आणि सही हवी. ‘एकूण ४ तास’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र, जिथे एक तास कायद्याचा आणि तीन कोडचे मोजायचे आहेत तिथे निरुपयोगी ठरतं.

लेड पेंटच्या (शिसं असलेल्या जुन्या रंगाच्या) आरआरपी कोर्सबद्दल, म्हणजे तो रंग असलेल्या घरांत दुरुस्ती-रंगकाम करणाऱ्यांच्या कोर्सबद्दल, एक खुलासा. त्याला ईपीए या केंद्रीय पर्यावरण खात्याची मान्यता लागते. सुरुवातीचा कोर्स ८ तासांचा, त्यांतले किमान २ तास प्रत्यक्ष हाताळणीचे, आणि रिफ्रेशर ४ तासांचा. ही मान्यता असली तरी राज्याच्या बोर्डाकडून सीईचे तास हवे असतील तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

कधी पाठवायचा

तारखा शेवटच्या मुदतीपासून उलट मोजा. काही ठिकाणी कर्मचारीच अर्ज मंजूर करतात, काही ठिकाणी तो बोर्डाच्या बैठकीत ठेवला जातो. बैठक असेल तर विषयपत्रिका बंद होण्याची तारीख हीच तुमची खरी मुदत. फ्लोरिडात ठेकेदारांची मुदत ३१ ऑगस्टला संपते. सर्टिफाइड (राज्यभर चालणाऱ्या) परवान्यांची सम वर्षांत, रजिस्टर्ड (ठरावीक स्थानिक हद्दीत चालणाऱ्या) परवान्यांची विषम वर्षांत. गर्दी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. तेव्हा वर्ग मे महिन्यापासून सुरू व्हायला हवेत. त्रुटीचं एक पत्र येऊन दुरुस्ती करण्याला वेळ ठेवला, तर अर्ज जानेवारीत गेलेला बरा.

मंजुरी हातात येईपर्यंत ‘मंजूर’ हा शब्द जाहिरातीत वापरू नका आणि त्या भरवशावर वर्ग भरवू नका. मंजुरीआधी झालेल्या वर्गाचे तास बहुतेक बोर्डं मोजत नाहीत, आणि त्याचा फटका बसतो तो पैसे व सुट्टीचा दिवस खर्चून आलेल्या कामगाराला.

त्रुटीचं पत्र आलं तर

पूर्ण अर्ज नव्याने पाठवू नका. पत्रातले मुद्दे क्रमाने घ्या, प्रत्येकाखाली काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहा, आणि फक्त बदललेली पानं जोडा. एक बदल दुसरीकडे पोहोचला का ते पाहा: आउटलाइनमध्ये १० मिनिटं कमी केली की स्लाइड, चाचणी आणि जाहिरातीतले तासही बदलतात. कोर्सचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेने लिहिलेलं असणं ही अगदी नेहमीची त्रुटी आहे. एखादी हरकत चुकीची वाटली तर नियमाचं कलम दाखवून नम्रपणे तसं लिहा. तपासणाऱ्याच्या हाताखालून अनेक ट्रेडचे कोर्स जात असतात, आणि कलम समोर ठेवलं की तो ऐकतो.

मंजुरीनंतर

वर्गाच्या दिवशी परवाना क्रमांक कार्डावरून उतरवा, माणसाने तोंडी सांगितलेला नको. एक आकडा चुकला तर तास भलत्याच्या नावावर जातात, आणि हे वर्गाला आलेल्या माणसाला नूतनीकरणाच्या शेवटच्या दिवशी कळतं. हजेरीची सही आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा घ्या. उशिरा आलेल्याला पूर्ण तास देऊ नका. नियमात अंशतः तास देण्याची सोय नसेल तर त्याला पुढच्या वर्गाला बोलवा. बोर्डाचा माणूस न सांगता मागच्या बाकावर येऊन बसू शकतो, आणि तो आउटलाइन व घड्याळ दोन्ही जुळवून पाहतो.

हजेरी बोर्डाला कळवण्याची मुदत नियमात दिवसांत दिलेली असते. तितके दिवस थांबू नका, त्याच संध्याकाळी पाठवा आणि पोच जपून ठेवा. सह्यांचं मूळ पत्रक, चाचण्या आणि प्रमाणपत्रांच्या प्रती नियमात सांगितली आहेत तितकी वर्षं ठेवा. परवानाधारकाचं ऑडिट झालं की तो पहिला फोन तुम्हालाच करतो.

मंजूर आउटलाइनमधला विषय, तास किंवा इन्स्ट्रक्टर बदलायचा असेल तर आधी कळवा. टंकलेखनाची चूक सुधारायला सहसा परवानगी लागत नाही, पण राज्याने कोडची नवी आवृत्ती स्वीकारली की कोर्स नव्याने दाखल करावा लागतो, कारण जुन्या कलमांवरची मंजुरी त्यापुढे उपयोगाची राहत नाही. म्हणून राज्याच्या कोड स्वीकारण्याच्या सुनावण्यांच्या सूचना ईमेलने मागवून ठेवा, आणि लागू होण्याची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात वेगळ्या रंगाच्या स्लाइडपासून दुरुस्ती सुरू करा.